नवरात्र ते लाभपांचम: बडोद्यात शिकायला आलेल्यांनी एकमेकांना सांगायच्या गोष्टी

तापीकाठची

बडोद्यात जन्मलेल्या माणसाला आश्विन महिना इथे कसा जातो हे सांगावं लागत नाही. बाहेरून शिकायला आलेल्याला मात्र कोणीतरी सांगायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. जुलैत प्रवेश होतो, ऑगस्ट पावसात जातो, जरा बस्तान बसतंय म्हणेपर्यंत नवरात्र येतं. तिथून दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत मुलांचं एकेक बिनसत जातं. पाय सोलवटतात, मोबाइल जातो, ताप येतो, डबा बंद होतो, घरी जायचं तिकीट मिळत नाही. दरवर्षी हेच, आणि जवळपास याच क्रमाने. म्हणून हा धागा.

मी मूळची शहादा तालुक्यातली, इथे सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या मजल्यावर यंदा पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुली मराठी आहेत, एक तर थेट परभणीची. त्यांचे प्रश्न ऐकून वाटलं की हे सगळं एका जागी लिहिलेलं असावं. बडोदेकर, जुने विद्यार्थी, पालक, सगळ्यांनी भर घाला.

माझ्याकडचं आधी सांगते.

इथला गरबा अनवाणी खेळतात. मोठ्या मैदानांवरसुद्धा. मैदान मातीचं असतं, आणि खेळ सुरू झाला की मध्यंतरापर्यंत थांबत नाही. गोल फिरत राहायचं, मध्येच उभं राहिलात तर मागची रांग अंगावर येते. सवय नसलेल्या पायांना पहिल्या दोन रात्रींतच टाचेखाली आणि अंगठ्याच्या मुळाशी फोड येतात. फोड फोडू नका, वरची कातडी ओढून काढू नका. फुटलाच तर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडा करून झाकून ठेवा. खेळायच्या आधी टाचेला आणि चवड्याला कागदी चिकटपट्टी लावली तर पुष्कळ फरक पडतो, ती कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. पायात खिळा किंवा काच गेली तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा, दुखायचं थांबलं तरी जा.

दुसरं म्हणजे पाणी. गुजरातेतून पाऊस साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. आभाळ मोकळं होतं, जमिनीत ओल तशीच असते, त्यामुळे दुपारी ऊन आणि घाम दोन्ही सोसावे लागतात. दिवसा लेक्चर, प्रॅक्टिकल, संध्याकाळी नीट जेवण नाही, आणि रात्री तीन-साडेतीन तास खेळ. मग चक्कर येते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, सपाट), हे प्रमाण पाठ करून ठेवा आणि बाटली सोबत न्या. मीठ अंदाजाने वाढवू नका.

चपलांबद्दलही सांगते. मैदानाबाहेर चपला काढल्या की परत मिळतील याचा भरवसा नसतो. कापडी पिशवीत घालून पाठीला लावा किंवा गाडीच्या डिकीत ठेवा. माझ्या मैत्रिणीच्या चपला गेल्या आणि ती फतेगंजपर्यंत तशीच चालत आली. तापलेला डांबरी रस्ता रात्रीही किती गरम असतो ते तिने सांगितल्यावर कळलं.

आता तुम्ही लिहा. विशेषतः कपडे, मोबाइल आणि दिवाळीत इथेच राहणाऱ्यांच्या जेवणाबद्दल.

वाड्यातली काकू

अगं, फार बरं केलंस. आमचं घर दांडियाबाजारात, सासरची चौथी पिढी इथे. वरच्या खोल्यांत आम्ही कॉलेजच्या मुली ठेवतो, त्यामुळे हे सगळं डोळ्यांसमोर घडतं.

आधी एक सुचवते. पहिल्याच रात्री मोठ्या मैदानावर जाऊ नका. आधी शेरी गरब्यात खेळा. मांडवीच्या आसपास, चार दरवाजांच्या आतल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्ल्यांमध्ये, अजून मोहल्ल्याचा गरबा होतो. मध्ये देवीचा गरबो, म्हणजे आत दिवा लावलेला भोकांचा मातीचा घट, ठेवलेला, त्याच्याभोवती पन्नास-साठ माणसं, आजी-नातवंडं एकत्र. तिथे चाल कळते, टाळी कळते, चुकलात तर शेजारची मासी हात धरून पुढे नेते. पास लागत नाही. घडियाळी पोळातल्या अंबामातेच्या देवळापुढे फक्त पुरुष गरबा खेळतात, तोही एकदा पाहून या. पूर्वी बायका गोषात असायच्या म्हणून पुरुष खेळायचे, असं जुनी माणसं सांगतात.

युनेस्कोने २०२३ च्या डिसेंबरात गरब्याला जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मोठ्या मैदानांचं कौतुक व्हावंच, पण मला विचाराल तर तो वारसा या पोळांमध्ये राखला गेलाय.

आणि दसऱ्याच्या सकाळी फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभं राहायचं असेल तर उजाडतानाच जा. संध्याकाळी आमच्याकडे सोनं वाटतात, आपट्याची पानं घेऊन या, दार उघडं असतं.

डब्याबद्दल नंतर लिहिते, ते मोठं आहे.

खानदेशी भो

ताई, मोबाइलचं मी लिहितो, कारण मागच्या नवरात्रात आमच्या खोलीतल्या पोराचा गेला आणि पुढचे काही दिवस आम्ही त्यातच होतो.

आजच, आत्ताच, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, दिसतो. तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, घरी आईलाही पाठवा. फोटो काढून त्याच मोबाइलमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही भो.

फोन गेला तर क्रम असा. पहिल्यांदा बँकेला कळवून यूपीआय बंद करा. मग पोलिसांत तक्रार, तिची प्रत हातात घ्या. मग त्याच नंबरचं दुसरं सिम काढा. हे सिम आधी लागतं, कारण पुढच्या पायरीचा ओटीपी त्याच्यावर येतो. मग दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आयएमईआय टाकून हँडसेट बंद करायचा. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. एकदा बंद केला की तो फोन दुसऱ्या सिमवरही चालत नाही, आणि कोणी चालू करायचा प्रयत्न केला तर माग लागतो. आमच्या पोराचा फोन हिवाळ्यात परत मिळाला. पोलिसांनी बोलावून दिला, आम्हाला आशाच नव्हती.

केडियुंला, म्हणजे गरब्यात मुलं घालतात त्या घेरदार सदऱ्याला, खिसा नसतो. कमरेला आतून बांधायची छोटी पिशवी शिवून घ्या. नव्या बाजारात कपडे घेता तिथेच शिवून मिळते.

रंगपेटी

कपड्यांबद्दल मी सांगते. मी फाइन आर्ट्सला आहे आणि कापडाचं काम करते.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चणियाचोळीचा रंग बहुधा कच्चा असतो. लाल, काळा आणि गडद निळा सगळ्यात जास्त सुटतो. घेतानाच पांढऱ्या रुमालाचा कोपरा ओला करून आतल्या बाजूने चोळून पाहा. रुमाल रंगला तर ती चणियाचोळी दुसऱ्या कुठल्याही कपड्याबरोबर भिजवायची नाही, आणि पांढऱ्या ओढणीवर तर घालायचीच नाही, घामाने रंग उतरतो. मिठाच्या पाण्यात बुडवल्यावर रंग पक्का होतो असं प्रत्येक जण सांगतं. रंगवताना मीठ वापरतात हे खरं, पण तयार कपड्याचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. गार पाण्यात, एकटीच, पटकन धुवा, पिळू नका, उलटी करून सावलीत वाळवा. आरशांच्या कडेला पाणी साचून टाके कुजतात, म्हणून आडवी पसरून वाळवली तर उत्तम.

भाड्याने घेणार असाल तर नेण्यापूर्वी दुकानदारासमोर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कुठे आरसा निघालाय, कुठे लेस उसवलीय, ते त्याला तेव्हाच दाखवा. परत देताना अनामत रकमेवरून होणारी निम्मी भांडणं त्यामुळे टळतात. आमच्या वर्गातल्या एकीला आधीच फाटलेल्या घेराचे पैसे भरावे लागले, फोटो नव्हता म्हणून.

आणि सुई-दोरा, सेफ्टीपिना, छोटी कात्री जवळ ठेवा. नाडी तुटण्याची वेळ नेहमी मध्यंतराच्या जरा आधी येते.

आमच्या फॅकल्टीतल्या गरब्याबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी मिळून खेळतात, गाणारे-वाजवणारेही आमच्यातलेच. माझ्यासाठी नवरात्र म्हणजे तोच.

सरळरेषा

मला वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. मुलं शिकायला आली आहेत. नवरात्र संपतं न संपतं तोच इंटर्नल असतात, आणि रात्री एकला झोपून सकाळी आठच्या लेक्चरला बसणाऱ्याच्या डोक्यात काय शिरणार? आईवडील पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतात. गरबा कसा खेळावा याची सूचना देण्यापेक्षा गरबा एखाद-दुसरी रात्रच खेळावा, अशी सूचना मोठ्या मुलांनी लहानांना द्यायला हवी असं मला वाटतं.

तापीकाठची

सरळरेषा, तुमचा मुद्दा मला पटतो, अर्धा. नऊच्या नऊ रात्री खेळून परीक्षेला बसणं कोणालाच झेपत नाही. पण पहिल्या वर्षाची मुलगी खोलीत एकटी बसली, बाहेर सगळं शहर ढोलावर फिरतंय आणि मजला रिकामा, तर ती अभ्यास करते असं तुम्हाला वाटतं का? ती रडते. मी तसं होताना पाहिलंय, आमच्याच मजल्यावर. घरची आठवण या दिवसांत सगळ्यात जास्त येते, आणि घोळक्यात दोन रात्री खेळून आलेली मुलगी तिसऱ्या दिवशी शांतपणे पुस्तक उघडते.

म्हणून मी मुलींना असं सांगते: इंटर्नलचं वेळापत्रक नवरात्राच्या आधी मागून घ्या. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या घटस्थापनेच्या आत करून घ्या, नंतर सर-मॅडमही रजेवर असतात. मग कुठल्या रात्री जायचं ते ठरवा. अष्टमीची रात्र बहुतेकींना हवी असते, ती धरा. ज्या दिवशी सकाळी टेस्ट, त्याच्या आदल्या रात्री नाही म्हणजे नाही. हॉस्टेलचं दार किती वाजता बंद होतं, नवरात्रात सवलत आहे का, ते वॉर्डन मॅडमना आधीच विचारा. दारात उभं राहून विनवण्या करण्याची पाळी येऊ नये.

वाड्यातली काकू

अभ्यासाला जागा हवी असेल तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवा. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेली. आतल्या लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन पाहूनच जीव हरखतो. आमच्या मुली सुट्टीच्या दिवसांचा तक्ता दारावर पाहून येतात आणि त्याप्रमाणे जातात. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत तर तुम्ही जाताच.

लेकीची आई

नमस्कार. परभणीची मुलगी ती माझीच असावी, तिनेच हा धागा मला पाठवला. तापीकाठची, तुझे आभार कसे मानू कळत नाही. आम्ही बडोदं प्रवेशाच्या वेळी एकदाच पाहिलं. रात्री बारानंतर मुली रस्त्यावर असतात हे ऐकून माझी झोप उडाली आहे. ह्यांना सांगितलं तर ते म्हणतात, पाठवूच नको. तिला अडवायचं नाही, पण काळजी वाटते. खरं काय ते सांगाल का?

वाड्यातली काकू

ताई, खरं सांगते. या नऊ रात्री बडोद्याचे रस्ते जागे असतात. लाऱ्या (खाण्याच्या हातगाड्या) उघड्या, घरोघरची माणसं बाहेर, पोलिस जागोजागी. माझ्या सुना रात्री दीडला दुचाकीवर एकट्या येतात. तरीही दोन गोष्टी पाळायला सांगा. येताना-जाताना घोळका सोडायचा नाही, आणि कोणाबरोबर गेली ते एका तरी वडीलधाऱ्याला ठाऊक हवं. गुजरातेत १८१ हा अभयमचा नंबर आहे, फक्त बायकांसाठी, चोवीस तास. फोन केला की समुपदेशक आणि महिला पोलिस असलेली गाडी येते. तो तिच्या मोबाइलमध्ये आजच भरायला सांगा. अपघात किंवा तब्येतीसाठी १०८.

आणि तिला माझा निरोप द्या, दसऱ्याला ये म्हणावं.

रात्रपाळी

मी इथेच मेडिकलला इंटर्न आहे. गरब्याइतकीच तापाची काळजी घ्या असं मला मनापासून सांगायचं आहे. आपल्याकडे जुनं वचन आहे, 'वैद्यानां शारदी माता', म्हणजे शरद ऋतू वैद्याला आईसारखा पोसतो. वॉर्डात काम करताना ते अक्षरशः दिसतं. पाऊस थांबतो, पाणी जागोजाग साचलेलं असतं, आणि डेंग्यूचे पेशंट दिवाळीपर्यंत येत राहतात.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. हॉस्टेलमध्ये ही जागा म्हणजे उन्हाळ्यात वापरून कोपऱ्यात ठेवलेला कूलर, गच्चीवरच्या फुटक्या बादल्या, आणि खिडकीतल्या मनीप्लांटची बाटली. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

एकदम जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, असं झालं तर गरब्याचा थकवा समजून अंगावर काढू नका. तापाला पॅरासिटामॉलच, तेही सांगितलेल्या प्रमाणात. अंगदुखीची दुसरी गोळी, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, मैत्रिणीने दिली तरी घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणीतून निदान होऊ शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मुलांना माहीतच नसतं. धोक्याचे दिवस ताप चढलेला असताना नसतात, तो उतरतो तेव्हा असतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप जातो, पोरगं म्हणतं मी बरा झालो, आणि बॅग भरून गाडीत बसतं. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, खूप सुस्ती किंवा बेचैनी, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी हॉस्पिटल. सयाजी हॉस्पिटल रात्रभर उघडं असतं. प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस प्या असं सगळे सांगतील. त्याच्या भरवशावर तपासणी टाळू नका एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

खोलीत एकटं राहणाऱ्या माणसाला ताप आला तर त्याच्या दाराशी दिवसातून तीनदा कोणीतरी जायला हवं. हे औषधाइतकंच लागतं.

खानदेशी भो

रात्रपाळी, मागच्या वर्षी आमच्या मजल्यावर हेच झालं होतं, ताप उतरला म्हणून पोरगा स्टेशनवर गेला आणि तिथे बसूनच पडला. हे छापून नोटीसबोर्डावर लावतो, परवानगी द्या.

आता तिकिटाचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे दिवाळीला घरी जायचं तिकीट गणपतीच्या आसपास काढायचं, सकाळी ८ वाजता. नवरात्रात जागं व्हाल तर वेटिंग मिळेल. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं १० ला आणि स्लीपरचं ११ ला. १ जुलै २०२५ पासून आधार जोडलेल्या खात्यालाच ऑनलाइन तत्काळ मिळतं, तेव्हा ते आधी जोडून ठेवा. अकराला एक मिनिट कमी असताना ते सुरू केलं तर काही होत नाही.

आपल्या खानदेशच्या पोरांना सुरतवरून तापी लाइनने जायचं असतं: बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. थेट गाडी मिळाली तर नवजीवन. नाही मिळाली तर बडोद्याहून सुरतपर्यंत कुठलीही गाडी धरा, दिवसभर रांग लागलेली असते, आणि तिथून भुसावळकडची गाडी बघा. सुरतेशेजारच्या उधन्याहूनही काही गाड्या सुटतात, सुरतेतच शोधत बसू नका. नवापूरला फलाटावर गुजरात-महाराष्ट्राची हद्द आहे, तिथे पोहोचलं की घरी आल्यासारखं वाटतं, कसं सांगू भो.

परभणीवाल्या बहिणीसाठी: तिकडे जाणाऱ्या गाड्या मनमाडमार्गे बघाव्या लागतात. दोन टप्प्यांत तिकीट काढत असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, दिवाळीत पहिली गाडी वेळेवर येईल असं धरू नका.

वाड्यातली काकू

आता डब्याचं लिहिते, कारण दरवर्षी एक तरी पोर आमच्या दारात उपाशी येतं.

महाराष्ट्रात भाऊबीज झाली की दुकानं उघडतात. इथे तसं नाही. इथे दिवाळीला चोपडापूजन होतं, जुना हिशेब मिटतो. आपला पाडवा तो यांचा बेसतुं वरस, विक्रम संवताचा पहिला दिवस. कधी कधी दिवाळी आणि बेसतुं वरस यांच्यामध्ये एक दिवस रिकामा पडतो, त्याला पडतर दिवस म्हणतात, तेव्हा सुट्टी आणखी लांबते. मग भाऊबीज. आणि धंदा उघडतात तो कार्तिक शुद्ध पंचमीला, लाभपांचमेला, मुहूर्त करून. तोवर टिफिनवाली बेन तिच्या गावी, मेसचा महाराज राजस्थानात, कोपऱ्यावरची सेवउसळची लारी झाकलेली, झेरॉक्सवाला बंद. पहिल्या वर्षाच्या मुलाला वाटतं आज बंद आहे, उद्या उघडेल. उद्याही बंद. परवाही बंद.

जे घरी जाणार नाहीत त्यांनी धनत्रयोदशीपर्यंत सामान भरा. खाकरे आणा, ते आठवडाभर नुसते डब्यात राहतात. पोहे, शेंगदाणे, गूळ, भाकरवडी, लोणचं. लीलो चेवडो आणलात तर दोन दिवसांत संपवा, तो ओलसर असतो. दूध रोज येतं, त्याची चिंता नाही. रोकड काढून ठेवा. औषधं चालू असतील तर पंचमीपर्यंत पुरतील एवढी आधीच घ्या. स्टेशन आणि एसटी डेपोच्या आसपास काही ना काही उघडं असतं, तेवढा एक आधार.

बेसतुं वरसच्या पहाटे रस्त्यावरून 'सबरस' अशी हाक ऐकू आली तर घाबरून उठू नका. शकुनाचं मीठ विकायला येतात, चिमूटभर घ्या आणि दोन-पाच रुपये द्या.

रंगपेटी

काकू, टिफिनवाल्या बेनना सुट्टीचे नेमके दिवस कोजागिरीलाच विचारून घ्यावेत हेही जोडा. आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरले असतील तर बंद दिवसांचे वजा होणार की पुढच्या महिन्यात धरणार, तेही तेव्हाच बोलून घ्यावं. नंतर बोललं की दोन्हीकडून मनं दुखावतात. आमची बेन फार चांगली आहे, तिने तिच्या भावजयीचा नंबर दिला, ती सुट्टीत पाच-सहा जणांसाठी भाकरी-शाक करून देते. विचारल्याशिवाय असं काही आहे हेच कळत नाही.

कोजागिरीचं आठवलं म्हणून लिहिते. इथे शरद पौर्णिमेला दूध-पौंवा करतात, गार दुधात पोहे आणि साखर, चांदण्यात ठेवलेले. आपल्याकडचं आटवलेलं मसाला दूध गरम. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर दोन्ही करतो. गच्चीची किल्ली मात्र आदल्या दिवशीच मागून ठेवायची.

सरळरेषा

तापीकाठची, तुमचं उत्तर वाचून मी माझ्या पुतण्याला फोन केला. तो पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंगला आहे, इथेच. कोणाबरोबर जेवतोस विचारलं तर म्हणाला, एकटाच. नवरात्रात तो खोलीतच बसणार होता, आणि मी त्याला शाबासकी दिली असती. तुमच्याकडे मुलांचा एखादा गट असेल तर त्याला सोबत घ्याल का? तो बोलायला जरा बुजरा आहे.

खानदेशी भो

काका, पाठवा त्याला. आम्ही पोळातल्या गरब्याला पहिल्या माळेलाच जाणार आहोत, काकूंनी सांगितलंय तसं. त्याचा नंबर इथे उघड्यावर लिहू नका, मला निरोप करा. कपडे नसतील तरी चालेल, साधा कुर्ता पुरतो. टाचेची पट्टी आमच्याकडे आहे.

तापीकाठची

धागा मोठा होतोय, फार बरं वाटतंय. आतापर्यंतचं एका कागदावर उतरवून मुलींच्या मजल्यावर लावलं. रात्रपाळी, तुमचा ताप उतरल्यानंतरचा भाग मी लाल शाईने लिहिलाय.

दोन गोष्टी अजून राहिल्यात. पूर येऊन गेलेल्या वर्षी विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांत मगरी येतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर त्या रस्त्यांवर, अंगणांत निघाल्या होत्या. पाणी ओसरल्यावरही एखादी नाल्यात, डबक्यात राहते. दिसली तर व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, लांब उभं राहून वनखात्याला किंवा प्राणी सोडवणाऱ्या स्वयंसेवकांना कळवा. रात्री परतताना नदीकाठच्या अंधाऱ्या आडवाटेने येऊ नका. तिला दगड मारणाऱ्यांना थांबवा, कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि तिची नदी आपल्याआधीची आहे.

दुसरं, दिवाळीत कोण कोण इथेच राहणार आहे ते मला कळवा. आमच्या मजल्यावर तिघी आहेत. एक ओडिशाची, तिचं घर इतकं लांब की सुट्टी प्रवासातच संपते. मुलांपैकीही असतील. डबा एकत्र करता येईल, स्टोव्ह वापरायची परवानगी मात्र फक्त पॅन्ट्रीत आहे.

वाड्यातली काकू

त्या तिघींना स्टोव्हची गरजच पडू नये. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचं, बाकीच्या दिवशी सकाळचं. भाऊबीजेला माझी नणंद येते, तेव्हा माणसं जास्त असतील, पाटावर जागा कमी पडली तर दोन पंगती करू. ओडिशाच्या मुलीला तिखट चालतं का तेवढं विचारून सांग, तशी चकलीची भाजणी दळायला देते.

लेकीची आई

काकू, चकलीची भाजणी मी मुलीबरोबर पाठवते, आमच्या गिरणीवरची. किती माणसांची लागेल ते सांगा. ह्यांनी पण धागा वाचला. १८१ त्यांनी स्वतः तिला पाठवला, आणि चणियाचोळीला किती लागतील विचारत होते.